सरकारी दवाखान्यातल्या स्ट्रिपवरही क्यूआर कोड हवा : वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरणास खुले पत्र

प्रति,
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी,
महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण, मुंबई

विषय : शासकीय पुरवठ्याच्या औषधांवर, स्ट्रिपपासून बाहेरच्या खोक्यापर्यंत, स्वतंत्र क्रमांकाचा क्यूआर कोड बंधनकारक करणे आणि तो प्रत्येक औषध भांडारात वाचला जाणे याबाबत.

महोदय,

ऑगस्ट २०२३ मध्ये दोन आठवड्यांच्या अंतराने दोन निर्णय अमलात आले. १ ऑगस्टपासून केंद्राच्या औषध नियमांनुसार देशात सर्वाधिक खपणाऱ्या ३०० ब्रँडच्या औषधांवर बारकोड किंवा क्यूआर कोड छापणे सक्तीचे झाले. १५ ऑगस्टपासून महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी, उपचार आणि औषधे निःशुल्क झाली. दोन्ही निर्णय चांगले आहेत. पण त्यांची एकमेकांशी गाठ कुणी घातली नाही. मेडिकलच्या दुकानातून पैसे मोजून घेतलेल्या डोलोच्या, शेलकॅलच्या वेष्टनावर कोड आला. सरकारी दवाखान्याच्या खिडकीतून मिळणारी पॅरासिटामॉलची किंवा कॅल्शियमची स्ट्रिप मात्र ब्रँडच्या नावाने ओळखली जात नाही, त्यामुळे ब्रँडच्या यादीत ती बसतही नाही. ज्यांना दुसरीकडे जाण्याची ऐपत नाही त्यांच्या हातात पडणारे औषध या नियमाबाहेर राहिले.

मी ग्रामीण रुग्णालयांत औषधनिर्माण अधिकारी म्हणून काम केले आणि आता निवृत्त आहे. जिल्हा भांडारातून आलेला माल उतरवून घेणे, चलनाशी (मालासोबत येणाऱ्या यादीशी) ताडून पाहणे, नोंदवहीत आणि संगणकात चढवणे आणि मग केसपेपर पाहून रुग्णाच्या हातात देणे हे माझे काम होते. म्हणून जे मागते आहे ते कुठे अडेल आणि कुठे सहज होईल, हे मला कामातून माहीत आहे.

नागपूरचे प्रकरण आपणास ठाऊक आहेच. तरी ते इथे मांडते, कारण अनेकांनी ती एका दिवसाची बातमी म्हणून वाचली आणि सोडून दिली. मार्च २०२३ मध्ये अन्न व औषध प्रशासनाने नागपूरच्या इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाला पुरवलेल्या सिप्रोफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकच्या (जंतुसंसर्गावरच्या औषधाच्या) गोळ्यांचे नमुने घेतले. मुंबईच्या सरकारी प्रयोगशाळेचा अहवाल डिसेंबरमध्ये आला. गोळीत औषधच नव्हते. सुमारे २१,६०० गोळ्या जप्त झाल्या. वेष्टनावर उत्पादक म्हणून ज्या कंपनीचे नाव होते, ती कंपनीच अस्तित्वात नसल्याचे निघाले. कळमेश्वरच्या ग्रामीण रुग्णालयातही बनावट अँटिबायोटिक सापडले. सप्टेंबर २०२४ मध्ये नागपूर ग्रामीण पोलिसांनी सुमारे १,२०० पानांचे दोषारोपपत्र दाखल केले. त्या गोळ्या म्हणजे टाल्कम पावडर आणि स्टार्च होत्या, हरिद्वारमधल्या जनावरांच्या औषधांच्या प्रयोगशाळेत तयार झाल्या होत्या आणि महाराष्ट्राबरोबर इतर राज्यांतल्या सरकारी रुग्णालयांनाही पुरवल्या गेल्या होत्या, असे त्या तपासातून पुढे आले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये आंबेजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयाला पुरवलेल्या अॅझिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकबद्दलही गुन्हा दाखल झाला.

नमुना घेतला मार्चमध्ये, अहवाल आला डिसेंबरमध्ये. अँटिबायोटिकचा कोर्स असतो पाच-सात दिवसांचा. लघवीच्या संसर्गाने आलेली बाई तिसऱ्या दिवशी परत येते, जळजळ थांबली नाही म्हणते, अंगात ताप असतो. डॉक्टरांना वाटते, जंतू या औषधाला दाद देत नाहीत. ते वरच्या दर्जाचे अँटिबायोटिक लिहितात किंवा जिल्हा रुग्णालयाची चिठ्ठी देतात. गोळीत स्टार्च होता ही शंका कुणाच्या मनात यावी? स्टार्चने मेलेल्या माणसाच्या केसपेपरवर स्टार्च लिहिलेले नसते, संसर्ग लिहिलेला असतो. म्हणून या गुन्ह्यात नेमके किती जण दगावले हे कधीच कळणार नाही, आणि मला याचाच सर्वात जास्त त्रास होतो.

आता पाहा, त्या गोळ्या बनावट आहेत हे ओळखायला नऊ महिने आणि प्रयोगशाळा लागायला नको होती. उत्पादकच खोटा होता. खोके भांडारात उतरले त्या दिवशी, परवानाधारक उत्पादकांच्या यादीशी जोडलेला एखादा कोड त्यावर असता आणि तो कुणी वाचला असता, तर ‘या नावाचा उत्पादक नाही’ एवढे उत्तर मिळाले असते. माल ट्रकमधून खाली उतरवायच्या आधीच परत गेला असता.

महाराष्ट्राला हा धडा पहिल्यांदा मिळालेला नाही. १९८६ च्या सुरुवातीला मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १४ रुग्ण दगावले. त्यांना दिलेल्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलिन ग्लायकोल हे विष होते. औद्योगिक वापराचे ग्लिसरीन हाताहातांतून फिरत औषधी ग्लिसरीन म्हणून रुग्णालयात पोहोचले होते. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने खरेदी, परवाने, तपासणी अशा एकेका टप्प्यावरची ढिलाई उघड केली. तेव्हा त्या ग्लिसरीनचा माग काढायला कागदी चलनांशिवाय हाताशी काही नव्हते. आज आहे.

क्यूआर कोड म्हटले की आपल्याला चहाच्या टपरीवरचा, पैसे द्यायचा चौकोन आठवतो. पण तो मुळात मालासाठी जन्मला. १९९४ मध्ये जपानच्या डेन्सो कंपनीत मासाहिरो हारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोटारींच्या सुट्या भागांचा हिशेब ठेवण्यासाठी तो बनवला. उभ्या रेघांच्या बारकोडमध्ये जेमतेम वीसेक अक्षरे मावत आणि कामगारांना एकाच खोक्यावरचे अनेक बारकोड वाचावे लागत. क्यूआरमध्ये ७,०८९ अंकांपर्यंत माहिती मावते. खराब झालेला भाग भरून काढण्याची सोय कोडमध्येच असते; तिची सर्वात वरची पातळी वापरली तर चौकोनाचा सुमारे ३० टक्के भाग पुसला, फाटला, डागाळला तरी तो वाचता येतो. पेटंट असूनही कंपनीने वापरणाऱ्यांकडून पैसे मागितले नाहीत, म्हणून तो जगभर पसरला. ओल आलेल्या भिंतीशी रचलेल्या, दोरीने घासलेल्या, तीन ठिकाणी चढ-उतार झालेल्या खोक्यावर टिकेल असा कोड हवा, तर तो हाच आहे.

पण नुसता कोड छापला की काम झाले, असे मात्र समजू नये. याच ठिकाणी २०२३ चा केंद्रीय नियम अपुरा पडतो, आणि आपण त्याची नक्कल केली तर आपणही अपुरे पडू. त्या नियमात कोडमध्ये काय असावे ते सांगितले आहे : उत्पादनाचा ओळख क्रमांक, औषधाचे मूळ नाव, ब्रँडचे नाव, उत्पादकाचे नाव-पत्ता, बॅच क्रमांक, उत्पादनाची तारीख, मुदत संपण्याची तारीख आणि परवाना क्रमांक. हे सगळे तर वेष्टनावर अक्षरांत छापलेलेच असते. तेच कोडमध्ये घातल्याने ज्याला बारीक अक्षर दिसत नाही त्याची सोय झाली, हे मान्य. पण प्रत्येक स्ट्रिपला वेगळा क्रमांक द्या, असे तो नियम म्हणत नाही. मग एका बॅचच्या हजारो स्ट्रिपवर एकच चौकोन छापला जाऊ शकतो. चौकोन म्हणजे शेवटी चित्र. खऱ्या स्ट्रिपचा फोटो काढून तोच चौकोन खोट्या स्ट्रिपवर छापायला कितीसा वेळ लागतो? रुग्ण स्कॅन करील, पडद्यावर नामांकित कंपनीचे नाव दिसेल आणि तो निर्धास्त होऊन स्टार्च गिळेल. असा कोड नसलेला बरा, कारण तो खोट्याला खऱ्याचा शिक्का देतो.

म्हणून माझी मागणी स्वतंत्र क्रमांकाची आहे. प्रत्येक स्ट्रिपला तिचा स्वतःचा अनुक्रमांक हवा, आणि तो क्रमांक कुणी दिला, कुठे पोहोचला, कधी वाटला गेला याची नोंद प्राधिकरणाच्या सर्व्हरवर हवी. एकच क्रमांक आज चंद्रपूरला आणि उद्या सांगलीला वाचला गेला, तर दोन्हींतली एक स्ट्रिप खोटी आहे हे यंत्रालाच कळते.

हे क्रमांक पुरवठादाराने मनाने तयार करू नयेत. प्राधिकरणाने पुरवठा आदेशासोबत ते द्यावेत. एक लाख स्ट्रिपचा आदेश असेल तर एक लाख क्रमांक, त्याहून एकही जास्त नाही. देवगडच्या आंबा उत्पादकांच्या सहकारी संस्थेने २०२५ च्या हंगामापासून नेमके हेच केले. दुसरीकडचा आंबा देवगड हापूस म्हणून विकला जाऊ लागला तेव्हा त्यांनी प्रत्येक फळावर वेगळ्या क्रमांकाचे, काढले की फाटणारे स्टिकर आणले आणि बागायतदाराला त्याच्या उत्पादनाच्या प्रमाणातच ते दिले. फळ घेणारा माणूस स्टिकरचा फोटो पाठवून खात्री करून घेऊ शकतो. कोकणातली एक सहकारी संस्था फळामागे एक क्रमांक सांभाळू शकते, तर राज्य शासनाच्या प्राधिकरणाला स्ट्रिपमागे एक क्रमांक सांभाळणे जड जाऊ नये.

आपल्या देशातल्या कारखान्यांना हे येत नाही असे कुणी म्हणत असेल तर ते खरे नाही. परदेशी जाणाऱ्या औषधांच्या वेष्टनावर माग काढता येईल असे कोड छापण्याचे आदेश केंद्राच्या विदेश व्यापार महासंचालनालयाने २०११ पासूनच द्यायला सुरुवात केली. युरोपीय संघात ९ फेब्रुवारी २०१९ पासून डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणाऱ्या बहुतेक औषधांच्या प्रत्येक खोक्यावर स्वतंत्र क्रमांकाचा चौकोनी कोड लागतो, आणि औषध रुग्णाला देताना दुकानदार तो स्कॅन करून यादीतून बाद करतो. बाद झालेला क्रमांक पुन्हा कुठे वापरता येत नाही. अमेरिकेचा असाच कायदा २०१३ चा. या दोन्ही बाजारांत भारतीय कारखान्यांतून मोठ्या प्रमाणावर औषधे जातात. त्यातले कित्येक कारखाने महाराष्ट्रात आहेत. परदेशातल्या रुग्णासाठी ज्या यंत्रावर खोक्याला क्रमांक चढतो, त्याच आवारात गडचिरोलीच्या रुग्णासाठीची स्ट्रिप क्रमांकाशिवाय बाहेर पडावी, हे मला एक औषधनिर्माता म्हणून पटत नाही.

खोक्यांबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण भांडारातला खरा वेळ तिथे जातो. माल येतो तो मोठ्या पुठ्ठ्याच्या खोक्यांत. त्यात लहान डबे, डब्यांत स्ट्रिप. बाहेरच्या खोक्यावर वाहतुकीचे लेबल असते : कुठून निघाले, कुठे जायचे, किती नग, वजन. आत काय आहे ते चलनावर, आणि चलन बऱ्याचदा चालकाच्या खिशातून घडी होऊन येते. खोके फोडायचे, डबे मोजायचे, बॅच पाहायचे, लिहायचे. एकाच खोक्यात दोन बॅच निघाले की पुन्हा मोजायचे. जगभर औषधांच्या आणि किराणा मालाच्या व्यापारात यावर साधी रीत आहे. स्ट्रिपचे क्रमांक डब्याच्या क्रमांकाशी जोडलेले, डब्यांचे क्रमांक खोक्याच्या क्रमांकाशी. बाहेरच्या खोक्यासाठी १८ अंकी आंतरराष्ट्रीय क्रमांक ठरलेला आहे, उत्पादनासाठी १४ अंकी. कारखान्यात खोके बंद करतानाच ही जोडणी झाली, की जिल्हा भांडारात खोके न फोडता लेबलवरचा एक कोड वाचायचा आणि आतल्या प्रत्येक स्ट्रिपची नोंद एका क्षणात होते. खोके वाटेत फोडले गेले असेल, चार डबे काढून दुसरे चार घातले असतील, तर आतला डबा वाचताक्षणी तो या खोक्याचा नाही हे समजते.

राज्यात ई-औषधी ही साठ्याची संगणकीय नोंद आहेच. तिच्यात बॅच आणि एक्सपायरीचे रकाने आहेत. अडचण आहे ती हाताने टाइप करण्याची. चारशे ओपीडीच्या दिवशी, चुरगळलेल्या फॉइलवर कोरलेला बॅच क्रमांक पाहून तो ‘बी’ आहे की ‘आठ’, शून्य आहे की ‘ओ’, हे ठरवणाऱ्या माणसाला दोष देता येत नाही. पण त्या एका अक्षराने नोंद बिघडते आणि नंतर परत मागवायचा बॅच संगणकात सापडतच नाही. कोड वाचणाऱ्या यंत्राच्या हातून ही गफलत होत नाही.

आता स्ट्रिप कापण्याबद्दल. मंत्रालयात बसून हे लक्षात येणे कठीण आहे, म्हणून स्पष्ट लिहिते. सरकारी खिडकीवर क्वचितच पूर्ण स्ट्रिप दिली जाते. तीन दिवसांचे औषध लिहिलेले असते, सहा गोळ्या द्यायच्या असतात, स्ट्रिप दहाची. कात्री घेऊन सहा कापायच्या, चार डब्यात ठेवायच्या. बॅच आणि एक्सपायरी ज्या टोकाला कोरलेली असते ते टोक एकाकडे जाते, दुसऱ्याच्या हातात नुसत्या गोळ्या. घरी गेल्यावर ती गोळी कशाची, कधीची, कुणाची हे सांगणारे काहीच नाही. एकच कोड स्ट्रिपच्या मधोमध छापला तर पहिल्या कात्रीतच त्याचे दोन तुकडे होतील. त्यामुळे सरकारी पुरवठ्यासाठी एक वेगळी अट हवी : कोड लहान आकारात स्ट्रिपच्या दोन्ही टोकांना यावा, किंवा ज्या औषधांचे कोर्स ठरलेले आहेत, त्यांच्या स्ट्रिपच कोर्सच्या मापाच्या मागवाव्यात. सहा गोळ्यांची स्ट्रिप आणि दहा गोळ्यांची स्ट्रिप दोन्ही बनतात. आदेश देणाऱ्याने तशी मागणी करायची असते.

छपाईबद्दलही निविदेत चार ओळी असाव्यात, नाहीतर कोड असेल आणि वाचला जाणार नाही. चकचकीत ॲल्युमिनियम फॉइलवर उजेड परततो आणि फोनच्या कॅमेऱ्याला काळे-पांढरे वेगळे दिसत नाही. कोडखाली मॅट पांढरी पट्टी हवी. सील करणाऱ्या रोलरची बारीक जाळी फॉइलवर उमटते, ती कोडच्या जागेवर येऊ नये. चौकोनाभोवती चार घरांएवढी (कोड ज्या बारीक काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा बनतो, तशा चार ठिपक्यांएवढी) जागा चहूबाजूंनी कोरी लागते; लेबल आखणारे हमखास तिथे काहीतरी छापतात. आणि सर्वात महत्त्वाचे म्हणजे कोडमध्ये मजकूर कोंबू नये. सर्वात लहान क्यूआर २१ गुणिले २१ घरांचा असतो, सर्वात मोठा १७७ गुणिले १७७. उत्पादकाचा पत्ता वगैरे सगळे आत घातले की तेवढ्याच जागेत घरे इतकी बारीक होतात की साध्या फोनला ती सुटी दिसत नाहीत. कोडमध्ये उत्पादनाचा क्रमांक, बॅच, एक्सपायरी आणि अनुक्रमांक पुरे. बाकीचे सर्व्हरवरून यावे. इंजेक्शनच्या अँप्युलवर, म्हणजे काचेच्या लहान कुपीवर, एवढीही जागा नसते, तिथे ट्रेवर कोड द्यावा.

बारकोडची अट निविदेत कुठे ना कुठे असेलही. माझ्या अनुभवात अट आणि वाचन यांत मोठे अंतर असते. कोड छापला गेला, पण भांडारात तो वाचायला यंत्र नाही, यंत्र आहे पण ते ई-औषधीशी जोडलेले नाही, जोडलेले आहे पण गावात रेंज नाही, अशा कितीतरी गोष्टी मध्ये येतात. म्हणून कोडचा खर्च मोजताना स्कॅनरचा, सॉफ्टवेअरचा आणि माणसाच्या प्रशिक्षणाचा खर्च त्याच कागदावर मोजावा. वाचन रेंज नसतानाही साठवले जावे आणि रेंज आल्यावर वर जावे. आणि एक नियम निःसंदिग्ध असावा : कोड न वाचता माल स्वीकारला तर त्या चलनाचे बिल निघणार नाही. हा नियम नसेल तर महिन्याभरात स्कॅनर कपाटात जाईल, हे मी खात्रीने सांगते.

रुग्णासाठीही कोड उघडावा, पण रुग्णाला त्यासाठी काही द्यावे लागू नये. ॲप उतरवा, मोबाइल नंबर टाका, ओटीपी टाका, असे काहीही नको. फोनचा कॅमेरा धरला की एक साधे पान उघडावे आणि मराठीत सांगावे : हे औषध कोणते, कुणी बनवले, मुदत कधी संपते, हा बॅच परत मागवला आहे का. खाली ‘ऐका’ असे बटण असावे. सरकारी औषधावरची अक्षरे इंग्रजीत आणि मुंगीच्या पायाएवढी असतात. साठीपुढच्या माणसाला, दृष्टी अधू असलेल्याला, शाळेचे तोंड न पाहिलेल्या बाईला ती निरुपयोगी. आशाताईंच्या हातात फोन असतो, त्या गोळ्या घरोघरी पोहोचवतात. त्यांच्यासाठी हे पान रोजच्या कामाचे होईल. कोणत्या रुग्णाने कोणती गोळी घेतली याची नोंद मात्र या यंत्रणेत येऊ नये. क्षयाची, एचआयव्हीची, मानसिक आजाराची औषधे याच खिडकीतून जातात. आपल्याला स्ट्रिपचा माग काढायचा आहे, माणसाचा नाही.

कोडने सगळे सुटेल असे मी म्हणत नाही, आणि कुणी तसे सांगितले तर आपणही मानू नये. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात कोल्ड्रिफ नावाच्या खोकल्याच्या औषधाने लहान मुले दगावली. त्यातल्या अनेकांना उपचारासाठी नागपुरात आणले होते. एसआर-१३ या बॅचमध्ये ४८.६ टक्के डायएथिलिन ग्लायकोल निघाले. जे. जे. रुग्णालयातले तेच विष, ३९ वर्षांनी. ती कंपनी खरी होती, परवाना खरा होता, बॅचही खरा होता. त्या बाटलीवरचा कोड वाचला असता तर ‘अस्सल’ असेच उत्तर आले असते. आत काय आहे ते प्रयोगशाळाच सांगते, आणि म्हणून कोड आला म्हणून बॅच तपासणी एका नमुन्यानेही कमी होता कामा नये. मात्र तो बॅच विषारी आहे हे कळल्यानंतर काय झाले ते पाहा. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाला लोकांना जाहीर आवाहन करावे लागले की या बॅचची बाटली घरात असेल तर वापरू नका, कळवा. प्रत्येक बाटलीला क्रमांक असता तर कोणत्या तालुक्यात, कोणत्या दुकानात किती बाटल्या आहेत याची यादी संध्याकाळपर्यंत औषध निरीक्षकाच्या हातात असती.

सरकारी साठ्याचेही तेच आहे. आज एखादा बॅच अप्रमाणित ठरला की जिल्ह्यातून संदेश येतो, तो तालुक्याला जातो, तिथून प्राथमिक आरोग्य केंद्राला, तिथून उपकेंद्राला. प्रत्येक ठिकाणी कुणीतरी कपाट उघडून स्ट्रिपमागून स्ट्रिप पाहतो. तोवर वाटप सुरूच असते. क्रमांकाची नोंद असेल तर मुंबईतून तो बॅच गोठवता येईल, आणि कुठल्याही खिडकीवर ती स्ट्रिप वाचली की पडदा लाल होईल.

लहान उत्पादक तक्रार करतील. त्यांची तक्रार खोटी नाही. बदलत्या क्रमांकाची छपाई करणारे यंत्र, कॅमेरा, खोक्यांची जोडणी करणारे सॉफ्टवेअर यांचा खर्च होतो, आणि सरकारी निविदेतला नफा आधीच पातळ असतो. सर्वात कमी दराच्या मागे लागून हा खर्च उत्पादकाच्या गळ्यात मारला तर चांगले उत्पादक निविदा भरणेच सोडतील आणि मध्यस्थ उरतील. नागपूरचा माल उत्पादकाकडून थेट आलेला नव्हता, मध्ये पुरवठादारांची साखळी होती, हे विसरून चालणार नाही. म्हणून कोडचा खर्च दरात वेगळा धरावा आणि तो दाखवणाऱ्याला दरात मागे पडू देऊ नये.

सगळे एकदम करायची गरज नाही. सुरुवात अँटिबायोटिकपासून करावी, कारण बनावट माल तिथेच सापडला आणि तिथे खोटी गोळी जीव घेते. त्यानंतर इंजेक्शने, बाळंतपणात लागणारी औषधे, मुलांची पातळ औषधे. स्थानिक खरेदीला मात्र पहिल्या दिवसापासून यात धरावे. वरून पुरवठा थांबला की रुग्णालये जवळपासच्या पुरवठादाराकडून घाईने औषध घेतात, आणि अशा घाईत कागद पाहायला कुणाला वेळ नसतो. ३०० ब्रँडची यादी वाढवण्याची चर्चा दिल्लीत झाली आहे. तिचे काय होते याची वाट पाहू नये. खरेदी आपली आहे, अट आपण घालू शकतो.

पहिला प्रयोग पुण्या-मुंबईत करू नका. नंदुरबार किंवा गडचिरोली घ्या, जिथे पावसात रस्ता बंद होतो आणि रेंज टेकडीवर जाऊन मिळते. तिथल्या उपकेंद्रापर्यंत एक अँटिबायोटिक क्रमांकासह पोहोचवून दाखवा, आणि सहा महिन्यांनी किती स्ट्रिप निघाल्या, किती वाचल्या गेल्या, किती क्रमांक दोनदा आले हे आकडे लोकांसमोर ठेवा.

या कामात भांडारपाल आणि औषधनिर्माण अधिकाऱ्यांना शिकवण्यासाठी माणसे लागतील. मी येईन. माझ्यासारखे निवृत्त झालेले, ज्यांनी आयुष्य त्या खिडकीमागे काढले असे सहकारी प्रत्येक जिल्ह्यात आहेत, त्यांनाही बोलवा. मानधनाचा प्रश्न नाही. पुढच्या निविदेचा मसुदा जाहीर कराल तेव्हा सूचना मागवण्याची मुदत थोडी मोठी ठेवा, म्हणजे आम्हा सर्वांना त्यावर लेखी मत देता येईल.

आपली विश्वासू,
एक निवृत्त औषधनिर्माण अधिकारी

प्रत माहितीसाठी : मा. आयुक्त, अन्न व औषध प्रशासन, महाराष्ट्र राज्य, मा. सचिव, सार्वजनिक आरोग्य विभाग